जंगलाचा हिशेब तिला विचारा

जंगलावर अभ्यास पुष्कळ होतात. पण रोज जंगलात जाणाऱ्या बाईला त्या अभ्यासात जागा असते का? आणि ती मिळाली की नेमकं काय बदलतं? गडचिरोली-चंद्रपूरकडच्या काही गावांनी याचं उत्तर आपल्या कामातून दिलं आहे.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून मी आणि माझी मैत्रीण एका पाहणीचे फॉर्म भरायला गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. दिवसाला ठराविक फॉर्म झाले तरच पैसे मिळणार होते, त्यामुळे आमची नजर सारखी घड्याळावर.

एका घरी ओसरीत काका बसले होते. अंगणात चटईवर मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोडसर वास सगळीकडे पसरलेला. काकू नुकत्याच जंगलातून आल्या होत्या आणि डोक्यावरचं टोपलं उतरवून चटईवर रिकामं करत होत्या. मी काकांसमोर बसले आणि सुरुवात केली. कुटुंबप्रमुखाचं नाव? वय? शेती किती? मग आला पुढचा रकाना : पत्नीचा व्यवसाय.

"काकू काय करतात?" मी विचारलं.

"काही नाही. घरीच असते," काका म्हणाले.

मी लिहिलं, 'घरकाम'. पुढचा प्रश्न जळणाचा. काका म्हणाले, "लागतात दोन मोळ्या." आठवड्याला की महिन्याला, हे काही त्यांना सांगता येईना. तेवढ्यात काकू हसल्या. "दोन मोळ्यांत आंघोळीचं पाणी तरी तापते का?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. मी मात्र 'दोन' लिहून पुढे गेले. अजून बरीच घरं बाकी होती ना!

निघताना काकूंनी विचारलं, "पोरी, मले काही विचारायचं नाही का?"

"काकांनी सगळं सांगितलं," मी म्हटलं, आणि पुढच्या घराकडे वळले.

आज इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून लाज वाटते. जिच्या टोपल्यात अख्खं उत्तर होतं, तिच्यासमोर मी फॉर्म बंद केला होता.

'घरीच असते' म्हणजे काय?

मैत्रिणींनो, जंगलाकाठच्या गावातल्या बाईचं वर्ष कसं असतं, ते जरा बघू या. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं पहाटेपासून गळायला लागतात, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली पोचायचं. उशीर झाला तर गुरं आणि हरणं आधीच हजर. वाकून वाकून एकेक फूल वेचायचं, घरी आणायचं, वाळवायचं, पाऊस-वावटळीपासून सांभाळायचं. त्यातलं थोडं घरच्या खाण्याला, बाकीचं बाजाराला.

मोह संपतो न संपतो तोच चारं पिकतात. चार म्हणजे ज्याच्या बियांतून आपली चारोळी निघते, ते झाड. मग तेंदूपानांचा हंगाम. भल्या पहाटे पानं तोडायची आणि दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून त्यांचे पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं. नंतर मोहाच्या बिया, म्हणजे टोळी, वेचायच्या. त्यांचं तेल निघतं. पावसाळा लागला की बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात, शिवाय अळंबी आणि कितीतरी रानभाज्या. शेतातलं धान्य संपत आलेलं असतं, नवं पीक हाती यायला वेळ असतो, त्या दिवसांत या भाज्यांवरच घर चालतं. हिवाळ्यात हिरडा, बेहडा, आवळा. आणि सरपण तर बारा महिने!

हे सगळं आपल्याही घरात येतं बरं का. बासुंदीवरची चारोळी, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, त्रिफळ्यातला हिरडा, केसांची शिकेकाई, दारामागची केरसुणी, औषधाला ठेवलेला मध. यातलं बरंचसं कुणातरी बाईच्या टोपल्यातून निघालेलं असतं. आणि तिच्या नावापुढे कागदावर लिहिलेलं असतं, 'घरकाम'.

कागदावर नसलं की नसतंच

तुम्ही म्हणाल, एका फॉर्ममध्ये चुकीचं लिहिलं तर काय एवढं बिघडलं? बिघडतं. कारण पुढच्या योजना असल्याच कागदांवर उभ्या राहतात. गावाला सरपण किती लागतं, कोणत्या झाडावर किती घरं जगतात, कोणता डोंगर 'पडीक' आणि कोणता कामाचा, हे सगळं आधीच्या पाहणीतून ठरतं. सरपणाच्या दोन मोळ्या लिहिल्या, तर दोन मोळ्यांचीच सोय होते. उरलेल्या मोळ्यांसाठी बाई लांब चालत जाते, नाहीतर लपूनछपून तोडते आणि पकडली गेली तर दंड भरते. ज्या झुडपी जागेला 'पडीक' म्हटलं, तिथे कंद मिळत होते, झाडूचं गवत होतं, शेळ्यांचा चारा होता. तिथे एकाच जातीची सरळसोट झाडं लावली की हे सगळं जातं. कागदावर हिरवळ वाढते, चूल मात्र उपाशी राहते.

घरातल्या पुरुषाला काही माहीत नसतं असं नाही. त्याला वेगळं माहीत असतं. घराला, नांगराला, गाडीला कोणतं लाकूड चांगलं, हे तो नेमकं सांगेल. कोणतं सरपण धूर कमी करतं, कोणता पाला दुभत्या गाईला मानवतो, टंचाईच्या वर्षी कोणता कंद हाताशी येतो, हे सांगेल ती बाई. दोघांची जंगलं एकाच जागी, पण वेगवेगळी. एकालाच विचारलं तर अर्धंच जंगल कळतं.

याचं एक लख्ख उदाहरण हिमालयात घडलं होतं. चिपको आंदोलन सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच चमोली जिल्ह्यात १९८० साली डुंगरी-पैंतोली या गावी बांजाचं जंगल तोडून बटाट्याच्या बियाण्याचं शेत करायचं ठरत होतं. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना असं बरंच काही मिळणार होतं. गावच्या पुरुष पंचांनी होकार दिला. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. बांजाचं जंगल गेलं असतं तर सरपणासाठी आणि चाऱ्यासाठी मैलोन् मैल त्यांनाच चालावं लागणार होतं. त्या सरळ झाडांपाशी जाऊन उभ्या राहिल्या, अगदी आपल्याच घरच्या माणसांच्या विरोधात! जंगल वाचलं. पण आधीच विचारलं असतं, तर ही वेळच आली नसती.

मेंढा गावचा अभ्यास

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा हे छोटं गोंड गाव लागतं. शेजारच्या लेखा गावासोबत त्याचं नाव घेतात, म्हणून सगळे 'मेंढा-लेखा' म्हणतात. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही याच गावची घोषणा. घोषणा गाजली, पण मला जास्त भावतो तो त्यामागचा अभ्यास.

ऐंशीच्या दशकात 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या गावात आले. (नावात आईचं नाव आधी आणि वडिलांचं नंतर, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं!) लोक आणि जंगल यांचं नातं त्यांना समजून घ्यायचं होतं. पण फॉर्म भरून घेऊन ते निघून गेले नाहीत. गावातले देवाजी तोफा आणि इतर मंडळींच्या साथीने तिथे अभ्यासगट सुरू झाले. २०२५ मध्ये मोहनभाऊंचं निधन झालं, पण अभ्यासगटाची ही रीत आज अनेक गावांना वाट दाखवते आहे.

अभ्यासगट म्हणजे काय? एखाद्या विषयावर ज्याला रस असेल त्याने बसायचं, माहिती गोळा करायची, वाद घालायचा, शंका विचारायच्या. बाहेरचा जाणकारही यात बसतो, पण शिकवायला नाही, सोबत शिकायला. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची : अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभाच घेते, तोही मतं मोजून नाही, सगळ्यांचं एकमत झाल्यावर. एखाद्याला पटलं नाही तर थांबायचं, पुन्हा चर्चा करायची. ग्रामसभेत बायकाही असतात, त्यामुळे त्यांना पटल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही.

मधाचंच बघा ना. आग्या मोहोळाचा मध काढायचा म्हणजे पूर्वी मशाल पेटवून पोळं जाळायचं, अशी रीत होती. माश्या मरायच्या, पोळं जायचं. या विषयावर गावात अभ्यास झाला. माश्या कशा राहतात, पोळ्यात मध कुठे असतो आणि पिल्लं कुठे असतात, हे समजून घेतलं गेलं. अंगभर संरक्षक कपडे घालून फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा आणि बाकीचं पोळं तसंच ठेवायचं, अशी पद्धत गावाने उचलली. माश्या जगल्या, तर पुढच्या वेळी पुन्हा मध. परागीभवन होतं ते वेगळंच.

यात मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. लोकांना सगळं आधीच माहीत असतं, असं कुणी म्हटलं नाही. जुनी रीत चुकीची असू शकते, हे गावाने मान्य केलं. मोहाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची रीतही अशीच आहे. जमीन साफ होते, फुलं पटकन दिसतात, वेचायला सोपं जातं. पण आग पसरली तर कोवळी रोपं जळतात, आणि रोपं जळाली तर उद्याचा मोह कुठून येणार? बाहेरून कुणी येऊन "आग लावू नका" असा फलक लावला, तर कोण ऐकतं? पण 'आपल्या जंगलात मोहाची लहान झाडं का दिसत नाहीत?' या प्रश्नावर गावातल्याच बायका मिळून अभ्यासाला बसल्या, तर उत्तर त्यांचंच असतं आणि तोडगाही त्यांचाच. कुणी झाडाखाली जाळी अंथरेल, कुणी पाला झाडून बाजूला करेल.

बायकांची माहिती झाली पुरावा

अभ्यासाने माहिती मिळते, शहाणपण येतं, हे ठीकच. पण मेंढ्यासारख्या गावांना त्यातून हक्कही मिळाला. तो कसा?

वनहक्क कायदा संसदेत २००६ मध्ये झाला आणि २००७ च्या अगदी अखेरीस लागू झाला. जे लोक पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगत आले, त्यांचा हक्क या कायद्याने मानला. एकेकट्याच्या शेतजमिनीचा हक्क तर आहेच, आणि लग्न झालेलं असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावावर. त्याशिवाय अख्ख्या गावाने मिळून वापरलेल्या जंगलाचाही हक्क आहे. तो म्हणजे सामूहिक वनहक्क.

पण हक्क मागायचा तर पुरावा हवा. जिच्याकडे सातबारा नाही, पावती नाही, तिने काय दाखवायचं? या कायद्याचे नियम वाचताना मी थक्क झाले. सामूहिक हक्कासाठी कोणते पुरावे चालतात? कंदमुळं, चारा, रानफळं आणि इतर वनोपज गोळा करण्याच्या जागा. गुरं चारण्याची रानं. पाणवठे. औषधी वनस्पती गोळा करण्याचा परिसर. देवाची झाडं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहिती. असे एकाहून अधिक पुरावे जोडायचे.

म्हणजे बघा हं, 'वास्ते कुठे मिळतात', 'आजी कंद आणायला कुठल्या नाल्याकडे जायची', 'मोहाची कोणती झाडं कोणत्या घराची' ही ज्या बायकांची रोजची माहिती, तीच कायद्याच्या भाषेत पुरावा! दावा करायचा तर गावाने आपल्या जंगलात फिरायचं, सीमा ठरवायची, नकाशा काढायचा, जागांची नावं लिहायची. हाही एक अभ्यासच. तो बाहेरून येणारा माणूस एकट्याने करूच शकत नाही. एखाद्या नाल्याचं गावातलं नाव सरकारी नकाशावर नसतंच. ते आजीच्या तोंडी असतं.

नियमही बायकांना बाहेर ठेवत नाहीत. गावाच्या वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बायका हव्यात. या कामासाठी ग्रामसभा भरते तेव्हा हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका असल्या पाहिजेत, असं २०१२ च्या दुरुस्तीने घातलं. सही पुरतं नाव आणि मागे घोळक्यात बसणं, असंही होतं म्हणा. पण दार तर उघडं आहे.

मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण कागद मिळाला तरी बांबू विकता येईना. बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो देणार कोण, यावर घोडं अडलं. गाव हटून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या बांबूसाठी पूर्वी हात पसरावे लागत, त्याचा हिशेब आता गाव स्वतः ठेवू लागलं.

तेंदू तोडायचा की नाही?

हिशेब हाती आला की प्रश्नही आपलेच होतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट ऐका. या गावाला २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला. बांबूतून गावाला रोजगार मिळू लागला. तेंदूपानांतूनही पैसे मिळाले असते, हंगामात रोख पैसा देणारा तो धंदा. पण गावाने विचार केला : चांगली कोवळी पानं फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. त्यात जंगलाचं नुकसान होतं, आणि तेंदूची फळं तर मिळतच नाहीत. गावाने तेंदूपानं तोडणं थांबवलं. जंगलाचा काही भाग देवराई म्हणून राखला. ज्येष्ठ शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल वारंवार कौतुकाने लिहिलं.

म्हणून प्रत्येक गावाने तेंदू बंद करावा का? तसं नाही. ज्या घरात वर्षातली एकमेव रोख कमाई तेंदूची आहे, तिथल्या बाईला 'बंद करा' म्हणणं सोपं नाही. गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी २०१३ च्या सुमारास तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली, म्हणजे जास्तीचा पैसा तोडणाऱ्यांच्याच हाती येईल. एका गावाने बंद केला, दुसऱ्याने स्वतः विकला. दोन्ही ठिकाणी आधी हिशेब मांडला गेला आणि गावानेच ठरवलं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने तर मिळालेल्या जंगलात सीताफळं जपली, आणि ती मुंबईच्या बाजारापर्यंत पोचवली.

बायका बोलल्या तर जंगल सुधारतं?

हे नुसतं मनाला बरं वाटावं म्हणून म्हणायचं, की खरंच तसं आहे? अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या गावांच्या वनसमित्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१० मध्ये आलं. ज्या कार्यकारी समित्यांत बायका जास्त, तिथे जंगलाची स्थिती जास्त सुधारलेली दिसली. दुसरी गोष्ट अशी, की समितीत एखादीच बाई असेल तर ती गप्प बसते. साधारण पाव ते एक तृतीयांश बायका झाल्या की त्या बोलायला लागतात. महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत हा अनुभव आपण घेतलेलाच आहे. पुरुषांच्या सभेत एकटीला तोंड उघडायची भीती वाटते, शेजारी दोघी-तिघी असल्या की जीभ मोकळी होते.

त्यामागचं कारणही साधं आहे. सरपण तोडायला सरसकट बंदी, असा नियम पुरुषांनी केला की तो बाईला मोडावाच लागतो, कारण संध्याकाळी चूल पेटवायची असते. तीच बाई नियम करायला बसली तर म्हणते, "वर्षातले अमुक दिवस वाळलेलं सरपण आणायला मोकळीक द्या, बाकी दिवस आम्हीच राखण करतो." असा नियम पाळला जातो.

अर्थात सगळं गोड गोड नाही. गावात अभ्यासाची बैठक ठरते सकाळी दहाला, तेव्हा बाई शेतात असते. संध्याकाळी सातला ठेवली तर ती चुलीपाशी. मोह आणि तेंदूच्या दिवसांत कुणाला वेळच नसतो, आणि नेमके तेव्हाच सुट्टीतले विद्यार्थी फॉर्म घेऊन येतात, जशी मी गेले होते! एकाच गावात दहा संस्था येतात, तेच ते प्रश्न विचारतात, फोटो काढतात, जातात. अहवाल कुठे छापला गेला, त्यात काय लिहिलं, गावाला कधीच कळत नाही. माहिती तिची, नाव दुसऱ्याचं. रानातल्या औषधाची माहिती तर बाहेर जाऊन कुणाच्या तरी धंद्याला लागू शकते. म्हणून 'लोकसहभाग' हा शब्द ऐकून हुरळून जायचं नाही. सही घेतली म्हणजे सहभाग होत नाही.

अभ्यासाला कुणी आलं, तर हे जरूर विचारा

१. हा अभ्यास कशासाठी? प्रश्न कुणी ठरवले, आमचे प्रश्न त्यात घालता येतील का?

२. बैठक कधी आहे? बायकांना जमेल अशी वेळ ठेवता येईल का?

३. घरातल्या एकालाच विचारणार, की बाई, सून, म्हातारी आजी यांनाही?

४. आमची माहिती कुठे जाणार? औषधी झाडांची माहिती आमच्या परवानगीशिवाय छापणार नाही, याची हमी काय?

५. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष गावात येऊन, आमच्या भाषेत सांगणार का? त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवणार का?

आपल्या गावात काय?

आमच्याकडे कुठे जंगल, असं तुम्ही म्हणाल. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतच काय, नगरपरिषदेनेही जैवविविधता समिती नेमायची असते आणि 'लोक जैवविविधता नोंदवही' करायची असते. आपल्या परिसरातली झाडं, पाखरं, मासे, भाज्या, बियाणी, औषधं आणि त्याबद्दल लोकांना असलेली माहिती, असं सगळं त्यात यायला हवं. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही घाईघाईने, ठेकेदाराकडून भरून घेतल्यासारखी झाली. दुसरीकडची यादी उतरवून काढली की झालं काम!

आपल्या नगरपरिषदेत ही समिती आहे का? तिच्यात बायका कोण आहेत? नोंदवही बघायला मिळेल का? तीन-चार मैत्रिणींनी मिळून जाऊन एवढं जरी विचारलं, तरी सुरुवात होईल. मग आषाढ-श्रावणात आठवडी बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांशी बोला. कर्टुली कुठून येते, पूर्वी कोणत्या भाज्या यायच्या आणि आता येईनाशा झाल्या, का येईनाशा झाल्या? एका वहीत लिहून ठेवा, त्यांनी सांगितलेली नावं त्यांच्याच उच्चारात. आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. चुकलं असेल तर त्या लगेच सांगतील. घरातल्या आजीलाही विचारा. तिच्या माहेरच्या रानातल्या किती भाज्या तुम्ही कधी चाखल्याच नाहीत, ते कळेल.

त्या गावातल्या काकू आज कुठे असतील, मला माहीत नाही. पण तो फॉर्म आज हातात आला, तर मी ओसरीत बसणार नाही. अंगणात चटईपाशी बसेन, त्यांच्यासोबत मोहफुलांतला कचरा निवडेन आणि निवडता निवडता विचारेन : पहाटे किती वाजता निघता? किती झाडं तुमची? पूर्वीपेक्षा फुलं कमी झाली का? कशामुळे, असं तुम्हाला वाटतं? 'पत्नीचा व्यवसाय' या रकान्यात तेवढी जागा नाही. पण कागदाच्या मागच्या बाजूला लिहीन.

पुढच्या बाजारी चारोळी घ्याल, तेव्हा भाव करायच्या आधी एवढंच विचारा, "मावशी, ही कुठल्या रानातली?" आणि तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. मी थांबले नव्हते.